बसायचे की जेवायचे?

मागील अंकात एका वाचकांनी विचारले होते की, रविवारी सकाळी उशिरा मित्रमंडळींनी जवळच्या एखाद्या बारमध्ये ब्रंचसाठी, म्हणजे नाश्ता आणि जेवण एकत्रच उरकण्यासाठी, जमणे ही थेरे समजावीत की जुन्या कट्ट्याचेच नवे रूप. ‘कट्टाच, फक्त इथे बिल येते’ एवढेच उत्तर मी दिले होते. त्यातल्या ‘बिल येते’ या दोन शब्दांनी बरीच मंडळी हळवी झालेली दिसतात, कारण त्यानंतर आलेल्या पत्रांत पैशांची पत्रे सर्वांत जास्त आहेत. त्यांपैकी काही, आणि पैशांशी संबंध नसलेली दोन-तीन, या वेळी घेतली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून लेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : आम्ही कॉलेजचे सहा जण दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी घराजवळच्या एका रेस्टॉरंट-बारमध्ये भेटतो. मी आणि माझी एक मैत्रीण दारू घेत नाही. बिल मात्र सहा जणांत सारखे वाटले जाते. गेल्या वेळी माझ्या वाट्याला दीड हजार रुपये आले. मी घेतले होते एक ऑम्लेट, पिझ्झाचे दोन तुकडे आणि ताजे लिंबू सरबत. बोलावे तर चिक्कू म्हणतील, गप्प राहावे तर दर वेळी मनात राहते. काय करावे? (बाणेर, पुणे)

उत्तर : तुम्ही हा प्रश्न स्वभावाचा करून ठेवला आहे, तो मुळात हिशेबाचा आहे, आणि गंमत अशी की तो हिशेब सरकारने तुमच्यासाठी आधीच मांडून ठेवला आहे. पुढच्या वेळी बिल आले की ते सहाने भागण्याआधी जरा हातात धरून वाचा. खाण्याचे आणि मद्याचे आकडे त्यात वेगळे दिसतील; बऱ्याच ठिकाणी तर ‘फूड’ आणि ‘लिकर’ अशी दोन बिले एकाच फोल्डरमधून येतात. याचे कारण हॉटेलवाल्याचा व्यवस्थितपणा नव्हे. पिण्याचे मद्य वस्तू व सेवा करातून, म्हणजे जीएसटीतून, बाहेर ठेवलेले आहे, त्यामुळे खाण्यावर ५ टक्के जीएसटी लागतो आणि मद्यावर राज्याचा मूल्यवर्धित कर लागतो, जो महाराष्ट्रातील परमिट रूमसाठी नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के करण्यात आला. दोन कर एका बेरजेत मिसळता येत नाहीत, म्हणून रकमा वेगळ्या राहतात.

तुमच्या दीड हजारांवरून एक नमुना मांडते. समजा, सहा जणांचे खाणे ४,८०० रुपयांचे झाले. त्यावर २४० रुपये जीएसटी, एकूण ५,०४०. चौघांचे मद्य ३,६०० रुपयांचे. त्यावर ३६० रुपये कर, एकूण ३,९६०. दोन्ही मिळून बरोबर ९,००० होतात आणि सहाने भागले की प्रत्येकी १,५००. आता हेच बिल त्याच्या मधल्या रेघेवर कापा. खाण्याचे सहा वाटे ८४० रुपयांचे आणि मद्याचे चार वाटे ९९० रुपयांचे होतील. म्हणजे तुमचे ८४०, आणि पिणाऱ्यांचे १,८३०. सारखी वाटणी केल्यामुळे तुम्ही दर भेटीत ६६० रुपये दुसऱ्याच्या पेल्यात ओतत होता. ही रक्कम मैत्री तोडण्याइतकी मोठी नाही, पण दर महिन्याला मनात कुढत बसावे इतकी लहानही नाही.

बोलायचे कधी, हा खरा नाजूक भाग. बिल टेबलावर आल्यावर बोलू नये, कारण तेव्हा प्रत्येक वाक्य तक्रारीसारखे ऐकू येते आणि एखादा भिडस्त मित्र ‘जाऊ दे, मीच भरतो’ म्हणून विषय आणखी अवघड करून ठेवतो. शनिवारी रात्री ‘उद्या किती वाजता?’ अशी विचारणा ग्रुपवर सुरू होईल, त्याच ओघात लिहावे : ‘साडेअकरा. खाण्याचे बिल सहात, लिकरचे चारात.’ पुढे हसरा चेहरा नको आणि ‘प्लीज कोणी राग मानू नका’ हेही नको. जे सरळ आहे त्याची माफी मागितली की समोरच्यालाही ते वाकडे वाटू लागते. माझा अनुभव असा की, अशा वेळी पहिला ‘चालेल’ हमखास पिणाऱ्यांपैकीच कोणाचा तरी येतो. त्यालाही ते बरेच दिवस टोचत असते.

मात्र एक पथ्य तुम्हीही पाळायला हवे. खाण्याचे बिल सहात वाटायचे ठरले की मग त्याच्या आत शिरायचे नाही. चकण्याला मागवलेली चिली चिकनची प्लेट पिणाऱ्यांची आणि पिझ्झा सर्वांचा, असे सुरू झाले तर हिशेब संपणार नाही. मसाला शेंगदाण्यांकडे तुमचाही हात गेला असणारच. मॉकटेल, म्हणजे बिनदारूचे मिश्र पेय, हेदेखील खाण्याच्या बिलातच येते आणि काही ठिकाणी ते बिअरच्या ग्लासाला लाजवील अशा किमतीचे असते, तेव्हा तीन मॉकटेल पिऊन ‘मी तर काहीच घेत नाही’ असे म्हणू नये. गटात शाकाहारी असतील तर त्यांची वेगळी वाटणी करावी का, असे याच पत्रात पुढे विचारले आहे. करू नये. पनीरच्या आणि चिकनच्या किमतीत आता तेवढा फरक राहिलेला नाही.

आणखी एक. सर्वांचे पैसे एकाने भरायचे आणि बाकीच्यांनी त्याला यूपीआयने पाठवायचे, हा रिवाज सोयीचा असला तरी भरणारा दर वेळी तोच ठेवू नका. आमच्या गटात तीन वर्षे एकच मैत्रीण कार्ड पुढे करीत असे आणि आम्ही तिचे कौतुक करीत असू. नंतर सहज बोलता बोलता कळले की दोघींचे पैसे तिला दर वेळी आठवण करून मागावे लागत. त्या दोघींपैकी एक मी होते.

प्रश्न : बिलात ‘सर्व्हिस चार्ज १० टक्के’ लावला होता. काढा म्हटले तर व्यवस्थापक म्हणाले, ‘आमच्याकडे कम्पल्सरी आहे, मेनूवर लिहिले आहे.’ हे बरोबर आहे का? (माटुंगा, मुंबई)

उत्तर : नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांनुसार कोणत्याही हॉटेलला वा रेस्टॉरंटला सेवा शुल्क बिलात आपोआप जोडता येत नाही आणि दुसऱ्या कोणत्या नावाखालीही ते वसूल करता येत नाही. हॉटेल संघटना या सूचनांविरुद्ध न्यायालयात गेल्या होत्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळून सूचना कायम ठेवल्या. मेनूवर बारीक अक्षरांत छापले म्हणून सक्ती वैध ठरत नाही. शिवाय हे शुल्क बिलात राहिले तर त्यावरही जीएसटी आकारला जातो, म्हणजे वरच्या नमुन्यातल्या ४,८०० रुपयांच्या खाण्यावर ४८० रुपये शुल्क आणि त्यावर वर २४ रुपये.

आवाज न चढवता ‘हे काढून नवे बिल द्या’ असे सांगावे. ऐकले नाही तर त्याच टेबलावरून १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन लावता येतो. पुष्कळदा क्रमांक उच्चारला तरी पुरते. पण शुल्क काढून घेतल्यावर विजयी मुद्रेने तसेच उठून जाऊ नका. दोन तास ज्याने पाण्याचे ग्लास भरले, सांडलेले पुसले आणि सहा वेगवेगळ्या फर्माइशी न चुकता लक्षात ठेवल्या, त्याच्या हातात रोख काहीतरी ठेवावे. ते ऐच्छिक आहे, म्हणूनच त्याला काही किंमत आहे.

प्रश्न : माझी मुलगी तेवीस वर्षांची असून नोकरी करते. दर रविवारी ‘ब्रंचला जाते’ म्हणते आणि जाते बारमध्ये. भर दुपारी, तेही मुलींबरोबर! आमच्या वेळी चांगल्या घरची माणसे बारच्या समोरून जातानाही पलीकडच्या फुटपाथने जात. तिला अडवावे का? (कल्याण)

उत्तर : ताई, तुमच्या मनातला बार मला चांगला माहीत आहे. काळ्या काचेचा दरवाजा, आत दिवस आहे की रात्र हे कळू न देणारा लाल दिवा, कोपऱ्यात हिरवट पाण्याची माशांची पेटी, आणि जिन्यावर ‘फॅमिली रूम वर आहे’ अशी पाटी. हा चेहरा आपल्याकडे उगाच आला नाही. मुंबई राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला आणि तो महाराष्ट्रात बदलत्या स्वरूपात आजही लागू आहे. आपल्याकडे पिण्याला मुभा नसते, परवाना असतो. ‘परमिट रूम’ हे नाव त्यातूनच आले. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो, आणि कायद्याच्या भाषेत तो प्रकृती सांभाळण्यासाठी असतो. जी गोष्ट औषध म्हणून, परवान्यावर घ्यायची, ती माणसे अंधारात बसून घेऊ लागली यात नवल नाही.

तुमची मुलगी जाते ती जागा बहुधा याच्या नेमकी उलट असेल. रस्त्याकडे मोठी उघडी काच, ऊन थेट टेबलावर, शेजारच्या टेबलावर उंच खुर्चीत बसवलेले वर्षाचे मूल सांडशीसारख्या मुठीत फ्रेंच फ्राय धरून बसलेले, आणि खाली कोणाचा तरी कुत्रा. देशातील पहिली क्राफ्ट ब्रुअरी, म्हणजे स्वतःची बिअर थोड्या प्रमाणात बनवणारी जागा, म्हणून ओळखली जाणारी ‘डूलाली’ २००९ मध्ये पुण्यात सुरू झाली, त्यानंतर अशा जागा पुण्या-मुंबईत झपाट्याने वाढल्या. लोक तेथे सापशिडी, लुडो आणि पत्ते घेऊन तीन-तीन तास बसलेले दिसतात. मराठीत ‘बसू या का?’ या प्रश्नाला जो अर्थ चिकटला आहे, तो या जागांनी थोडा सैल केला, असे मला वाटते. तेथे बसलेल्या निम्म्या लोकांसमोर कॉफी असते.

म्हणून अडवू नका, पण दोन गोष्टी तिच्याशी सरळ बोला. पहिली वयाची. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची आणि व्हिस्की, रम, व्होडका अशा मद्यासाठी २५ वर्षांची आहे. ब्रंचच्या मेनूत ‘ब्लडी मेरी’ हमखास असते. टोमॅटोच्या रसामुळे ती सूपसारखी निरागस दिसते, पण आत व्होडका असते, आणि तेवीस वर्षांच्या मुलीला ती कायद्याने चालत नाही. दुसरी गोष्ट परतीची. रात्रीच्या पार्टीहून रिक्षाने येणारी मुले दुपारी मात्र बिनधास्त स्कूटरवर बसतात, जणू नाकाबंदी आणि नशा या दोन्ही गोष्टी सूर्यास्तानंतर सुरू होतात. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते, आणि त्या कलमात घड्याळाचा उल्लेख नाही. रिकाम्या पोटी, उन्हात घेतलेला पेला रात्रीच्या जेवणाबरोबरच्या पेल्यापेक्षा लवकर चढतो, हेही तिला सांगा.

आणि जमल्यास एका रविवारी तिच्याबरोबर जा. जागा पाहून यावी म्हणून. फार तर कॉफी कडू लागेल.

प्रश्न : एका ठिकाणी ‘अनलिमिटेड संडे ब्रंच’ची जाहिरात पाहिली. फायद्याचे असते का? (वाकड, पुणे)

उत्तर : मित्रांशी बोलायला जात असाल तर नाही. माणशी ठरावीक रक्कम दिली की गप्पांऐवजी वसुली सुरू होते, आणि जो तो दुसऱ्याच्या ताटाकडे पाहत किती वसूल झाले याचा अंदाज घेत बसतो. अशा मांडणीत पाव, पास्ता, बटाटा आणि भात सुरुवातीला का ठेवलेले असतात आणि कोळंबी शेवटच्या कोपऱ्यात का असते, याचा विचार करून पाहा. मोठ्या हॉटेलात जाणार असाल तर एक लक्षात ठेवा : ज्या हॉटेलच्या खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून जास्त असते, तेथील रेस्टॉरंटमध्ये खाण्यावर जीएसटी ५ नव्हे, १८ टक्के असतो. जाहिरातीतल्या किमतीपुढचे बारीक अधिक चिन्ह तेच असते.

प्रश्न : आम्ही नेहमी एकच्या सुमारास पोहोचतो आणि ‘एग्ज बेनेडिक्ट’ मागवतो. दर वेळी ते थंड आणि कडक येते. तक्रार करावी की जागा बदलावी? (ठाणे)

उत्तर : वेळ बदलावी. या पदार्थाचे सगळे नशीब मिनिटांवर असते. भाजलेल्या मफिनवर हॅमचा तुकडा, त्यावर उकळी बसलेल्या पाण्यात फोडून जेमतेम तीन-चार मिनिटे शिजवलेले अंडे, आणि वर लोणी, अंड्याचा बलक आणि लिंबू घोटून केलेला हॉलंडेज सॉस. अंडे असे असावे की सुरीचे टोक लावताच पिवळा बलक फुटून मफिनमध्ये मुरावा. ते वाट पाहत राहिले की आतल्या आत शिजत जाते. सॉस गार झाला की गोठतो आणि पुन्हा तापवला की फाटतो. आता एक वाजता तुमच्याआधी आलेल्या दहा टेबलांनी अंडीच मागवलेली असतात, आणि स्वयंपाकघरात शेगडीपाशी बहुधा एकच माणूस असतो. त्यातून तुमच्या टेबलावरचे सहावे ताट तयार होईपर्यंत पहिले ताट खिडकीत उभे असते, कारण सगळी ताटे एकदम न्यायची असतात.

साडेअकराला, दार उघडता उघडता पोहोचा, म्हणजे स्वयंपाकीही ताजा आणि तवाही मोकळा. एक वाजताच जायचे असेल तर वाट पाहिल्याने न बिघडणारे काहीतरी मागवा. खिमा-पाव हे त्या दृष्टीने आदर्श ब्रंच आहे. मंद आचेवर जितका राहील तितका मुरतो. पारशी पद्धतीची अकुरी, म्हणजे अंड्यांची मसालेदार भुर्जी, मिळत असेल तर तीही घ्या, पण ओलसरच द्या असे बजावून. इराणी हॉटेलांनी हे सगळे ब्रंच हा शब्द आपल्याकडे रुळण्याच्या कितीतरी आधी केलेले आहे. कुलाब्याचे ‘लिओपोल्ड’ १८७१ पासूनचे आहे, आणि डेक्कनवरच्या १९३५ सालच्या ‘गुडलक’मध्ये रविवारी अकरा वाजता बन-मस्क्यासाठी ताटकळणाऱ्यांची रांग पाहिली की ‘टेबल बुकिंग’ या शब्दाचे काही विशेष वाटत नाही.

प्रश्न : ब्रंचला चांगला मराठी शब्द सुचवाल का? की मुळात ही संकल्पनाच आपली नाही? (नाशिक)

उत्तर : शब्दाचा जन्म निश्चित इंग्रजी आहे. गाय बेरिंजर नावाच्या लेखकाने १८९५ साली एका इंग्रजी नियतकालिकात त्याची वकिली केली, आणि त्याचा एक युक्तिवाद असा होता की रविवारी सकाळी लवकर उठावे लागले नाही तर शनिवारी रात्री जागता येईल. युक्तिवाद अजून टिकून आहे.

पण वेळ मात्र आपल्या अंगवळणी पडलेलीच होती. कोकणात आणि गोव्यात सकाळी दहा-अकराला गरम पेज, त्यात मिठाचा खडा, सोबत लोणचे किंवा भाजलेला सुका बांगडा, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. शेतावर भाकरी-पिठल्याची शिदोरी जाते तीही साधारण त्याच सुमारास. माझे वडील दहाच्या आत वरण-भात, पोळी-भाजी असे पूर्ण जेवून कचेरीत जात. चहाव्यतिरिक्त नाश्ता हा प्रकार घरी फक्त सुट्टीच्या दिवशी असे. म्हणजे उशिराचा नाश्ता आणि लवकरचे जेवण एकत्र करणे आपल्याला नवे नाही, ते तीन तास लांबवणे नवे आहे. ‘न्याहारी’ हा शब्द मला पुरेसा वाटतो. दोन शब्दांचे तुकडे जोडून ‘न्याहाजेवण’ वगैरे करण्याचा खटाटोप पत्रांतून पुष्कळांनी केला आहे, पण असे शब्द कोणी टेबलावर उच्चारील असे वाटत नाही.

तुम्ही नाशिकहून लिहिता म्हणून एक जाता जाता. वर ज्या ‘डूलाली’चा उल्लेख आला, ते नाव तुमच्या शेजारच्या देवळालीचे आहे. ब्रिटिश सैन्याची मुदत संपलेले शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत देवळालीच्या छावणीत ठेवले जात, आणि जहाजांचा हंगाम हिवाळ्यातला असल्यामुळे ती वाट कधी कधी महिनोन्‌महिने लांबे. रिकामपण, ऊन आणि हिवताप यांनी काहींचे डोके फिरे, म्हणून इंग्रजीत भ्रमिष्ट माणसाला ‘डूलाली टॅप’ म्हणू लागले, ज्यातला टॅप हा आपला ताप. पुण्यातल्या मद्यालयाने तोच शब्द पाटीवर लावला आणि पुढे ‘टॅपरूम’ जोडले, ज्यातला टॅप मात्र पिंपाचा नळ आहे. रविवारी दीड वाजता टेबलासाठी दाराशी पाऊण तास उभे राहिलात, तर दोन्ही अर्थ एकदम कळतात.